भिंतीआड गेलो, तरी मेलो!

‘वाचकांचे प्रश्न’ सदरात या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रं. सगळी नेमबाजीच्या ऑनलाइन गेममधल्या विचित्र प्रकारांबद्दल आहेत. जागेअभावी पत्रं छोटी केली आहेत. शिव्या मात्र जागेअभावी काढलेल्या नाहीत.

काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. पिंग २५ ते ३० दावतंय. तरी पेटीच्या मागं अख्खा गेल्यावर मरतोय, ते पण एका गोळीत. समोरचे सगळे हॅकर आहेत का काय?
— एक वाचक, कराड

सगळे नाहीत. बहुतेक वेळा तर कुणीच नसतो. तुमच्या पडद्यावर एक ‘आत्ता’ चालू असतं, समोरच्याच्या पडद्यावर दुसरं आणि सर्व्हरवर तिसरं. मॅचच्या दिवशी शेजारच्या घरातून विकेट पडल्याची आरोळी येते, तेव्हा आपल्या मोबाइलवर बोलर अजून रनअपच घेत असतो. तसाच हा प्रकार, फक्त सेकंदांऐवजी मिलिसेकंदांचा.

हिशेब मांडून बघा. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. तुमचा पिंग ३० आणि समोरच्याचा १२० धरू. तुम्ही उघड्यावर आहात ही खबर सर्व्हरला पोचायला १५ मिलिसेकंद लागतात. तिथून त्याच्याकडे जायला ६०. तुमची हालचाल धक्के न खाता दिसावी म्हणून त्याचा संगणक तुम्हाला दोनेक टिक (सर्व्हरच्या हिशेबाचे ठोके) उशिराने दाखवतो, ते ३०. त्याने ट्रिगर दाबला, तो सर्व्हरला पोचायला परत ६०. ‘तुम्ही गेलात’ हा निरोप तुमच्यापर्यंत यायला १५. बेरीज १८०. एके-४७ हातात असताना या गेममधला खेळाडू सेकंदाला २१५ युनिट पळतो, म्हणजे एवढ्या वेळात ३८ युनिटांहून जास्त. खेळाडूची रुंदी ३२ युनिट आहे. म्हणजे तुमच्या पडद्यावर तुम्ही पेटीमागे पूर्ण शिरून वर थोडे आत सरकलेले असता, आणि तरीही त्याची गोळी खरी असते. त्याने नेम धरला तेव्हा त्याला तुम्ही दिसतच होता.

सर्व्हर असा न्याय मुद्दाम देतो. गोळीची खबर आली की तो घड्याळ मागे फिरवतो, नेमबाजाला त्या क्षणी जग जसं दिसत होतं तसं मांडतो आणि मग गोळी लागली का ते तपासतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी २००१ मध्ये ही पद्धत तपशिलात मांडली होती. ती नसती तर प्रत्येकाला आपल्या पिंगच्या अंदाजाने माणसाच्या पुढे हवेत नेम धरावा लागला असता. नेमबाज खूश, पळणारा नाराज, हा त्यातला सौदा आहे. आमच्या मते सौदा बरोबर आहे.

सर्व्हरची टिक वाढवून हे संपत नाही. सेकंदाला ६४ टिकच्या सर्व्हरवर एक ठोका १५.६ मिलिसेकंदांचा असतो, व्हॅलोरंट या गेमच्या १२८ टिकवर ७.८ चा. १८० मधले आठ-पंधरा वाचतील, एवढंच. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दोन ठोक्यांच्या मधला क्लिकचा नेमका क्षणही पाठवला जातो, पण त्याने वायरीतला प्रवास कमी होत नाही.

‘एका गोळीत’चं कारण वेगळं आहे. एके मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांना एक. मधली पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) अडकली आणि दोन गोळ्यांची खबर एकदम आली, की तुम्हाला एकच फटका जाणवतो. मेल्यावर किती फटके लागले याचा आकडा येतो तो वाचा. तिथे २ किंवा ३ असेल, तर एका गोळीत मेलेला नाहीत. डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, बघून कुणाला हॅकर ठरवायचं असेल तर एक लक्षात ठेवा, डेमो सर्व्हरच्या नजरेचा असतो. त्यात गोळी बाजूने गेल्यासारखी दिसते आणि माणूस मरतो. तो हॅकचा पुरावा नाही.

खेळात करायचं ते असं. गोळ्या झाडून आत शिरलात की कोपऱ्याशी थांबू नका, दोन अंगं आत जा. कोपरा चिकटून धरू नका. उशिराचा हिशेब बाहेर उडी घेणाऱ्याच्या बाजूने असतो, कारण त्याला तुम्ही आधी दिसता. आणि आकडे पडद्यावर ठेवा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेटिंग्जच्या गेम भागात टेलिमेट्री आहे. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओ भागात स्टॅट्स. पिंगपेक्षा पॅकेट लॉसवर, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेटवर, जास्त लक्ष हवं. तो सतत १ टक्क्याच्या वर असेल तर पिंग २५ असून उपयोग नाही.

संध्याकाळी आठनंतर माणूस पळता पळता मागे ओढला जातो, रबर लावल्यासारखा. दिवसा काही नाही. कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट दाखवतो, शंभर एमबीपीएस येतंय म्हणतो आणि जातो.
— एक वाचक, मिरज

स्पीड टेस्टने तुमचा आजार दिसणारच नाही. नेमबाजीच्या गेमला फार बँडविड्थ लागत नाही. लागते ती वेळेवर पोच. तुमचा संगणक सर्व्हरची वाट न बघता तुम्हाला पुढे पळवतो. सर्व्हरला तुमची पावलं उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाहीत, की तो म्हणतो, ‘तू इथं नाहीस, तिथं आहेस’. मागे ओढलं जाणं म्हणजे ही दुरुस्ती.

दोष कुठे आहे ते शोधायला अर्धा तास पुरतो. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग लिहून राउटरचा पत्ता द्या, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत ८.८.८.८ द्या, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्हींच्या शेवटी डॅश टी जोडा म्हणजे मोजणी थांबणार नाही. आता खेळा, आणि माणूस मागे ओढला गेला की लगेच दोन्ही खिडक्या बघा.

राउटरचाच आकडा २ वरून १५० वर उडत असेल तर कंपनीला फोन करू नका, भानगड घरातल्या वायफायची आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि अपार्टमेंटमध्ये प्रत्येक घरात एक राउटर. ५ गिगाहर्ट्झवर जा. त्याहून बरं म्हणजे कॅट ५ई किंवा कॅट ६ ची वायर ओढा. फक्त अस्सल तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि टोकाशी दोन-चारदा वाकली की तुटते. उडी बरोबर दर मिनिटाला येत असेल, तर लॅपटॉपचं वायफाय आजूबाजूची नेटवर्क शोधतंय असं समजा. वायरवर तेही थांबतं.

राउटर शांत आणि ८.८.८.८ उड्या मारतोय, असं असेल तर घरातून वर काय चढतंय ते बघा. संध्याकाळी सगळे घरी येतात, फोन वायफायला लागतात, दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. दुकानाचे चार कॅमेरे क्लाउडवर असतील तर प्रत्येकी २ एमबीपीएस धरून ८ तिथेच गेले. अपलोड भरला की राउटर जास्तीची पॅकेट टाकून न देता रांगेत उभी करतो, आणि तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला लागतं. पिंग ३० वरून ३०० वर जातो तो असा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम ही रांगेला शिस्त लावणारी सोय असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग लागतच नाही. कंपनीने फुकट दिलेल्या डब्यात ही सोय बहुधा नसते. मग बॅकअप रात्री झोपल्यावर लावा.

घरात काहीच चालू नसताना फक्त संध्याकाळीच हे होत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. तीन दिवस सकाळी सात आणि रात्री नऊ वाजता ट्रेसर्ट (पॅकेट कुठल्या टप्प्यांवरून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालवून त्याचे फोटो ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यापासून पुढे सगळेच आकडे फुगलेले दिसले, तर कंपनीच्या माणसासमोर स्पीड टेस्टऐवजी ते ठेवा. प्रकाश सांगली ते मुंबई फायबरमधून जाऊन परत यायला ४ मिलिसेकंद घेतो. बाकीचं यंत्रांचं आणि वळणांचं. मुंबईच्या सर्व्हरला ७० लागत असतील तर तुमचं पॅकेट आधी भलत्याच शहराची वारी करून येतंय, आणि ते ट्रेसर्टमध्ये दिसतं.

पावसाळ्यात बिघडणाऱ्या लाइनसाठी आणखी एक तपासणी. ओएनटीच्या, म्हणजे फायबर ज्याला जोडलेली असते त्या डब्याच्या, पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, आत येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा. उणे १५ ते उणे २५ ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला की पॅकेट गळायला लागतात. कुठेतरी जोड भिजलाय किंवा फायबर खिळ्यावर करकचून वळवलीय. इथे मात्र फोन करा आणि हा आकडा सांगा.

बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) चार बोटांनी खेळतो. ऐन फाइटमध्ये गोळीबार आपोआप थांबतो. कधीकधी बोट न लावता कॅमेरा फिरतो. फोन नवा आहे.
— एक वाचक, विटा

हे दोन वेगळे आजार आहेत.

गोळीबार थांबण्यामागे बहुतेक वेळा तीन बोटांचा स्क्रीनशॉट असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तीन बोटं एकदम खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. तुमची चार बोटं पडद्यावर. तीन जरा एका दिशेने सरकली की फोनला वाटतं तुम्हाला फोटो हवाय. तो गेमला सांगतो, ‘ती बोटं उचलली’. गेम बिचारा ट्रिगर सोडतो. स्क्रीनशॉट निघतोच असं नाही, म्हणून संशयही येत नाही. सेटिंग्जमध्ये जेश्चर किंवा शॉर्टकटच्या पानावर जाऊन तीन बोटांचे सगळे पर्याय बंद करा. काही फोनमध्ये तीन बोटं दाबून धरायचा पर्याय वेगळा असतो, तोही.

आपोआप फिरणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आधी बघा, हे फक्त चार्जिंगला लावल्यावर होतं का? पडदा बोटाचा स्पर्श विजेच्या अगदी बारीक बदलावरून ओळखतो. हलका चार्जर त्याच वायरीतून विजेचा गोंगाट आत सोडतो आणि पडद्याला नसलेली बोटं दिसतात. पिन काढल्यावर थांबलं तर चार्जर बदला. फोन दुरुस्तीला टाकू नका.

पिन काढूनही होत असेल तर पुरावा डोळ्यांनी बघता येतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात पॉइंटर लोकेशन चालू करा. आता प्रत्येक स्पर्शाची रेघ पडद्यावर उमटेल आणि वर डाव्या कोपऱ्यात किती बोटं लागली ते दिसेल. फोन टेबलावर ठेवा, हात बाजूला घ्या. रेघ उमटली तर पडद्यात किंवा वरून चिकटवलेल्या संरक्षक काचेत दोष आहे. आधी ती संरक्षक काच काढून बघा, ती स्वस्तातली गोष्ट. रेघ उमटत नाही पण कॅमेरा हळूहळू एकाच बाजूला सरकतो, तर तो जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळतोय ते ओळखणारा भाग. फोन सपाट ठेवून गेमच्या सेन्सिटिव्हिटीच्या पानावरून कॅलिब्रेट करा.

विमानातून उतरलो की पोचिंकीतली घरं मातीच्या गोळ्यांसारखी दिसतात. खिडक्या-दारं नंतर येतात. तोपर्यंत कुणीतरी मला मारलेलं असतं.
— एक वाचक, सातारा

पोचिंकी हे गाव बीजीएमआयच्या ज्या नकाशात आहे तो एरँगल ८ गुणिले ८ किलोमीटरचा. तो अख्खा फोनच्या मेमरीत मावत नाही, म्हणून लांबची घरं ढोबळ ठेवतात आणि जवळ आलात की बारीक तपशील साठवणीतून उचलतात. पॅराशूट न उघडता सरळ सूर मारलात की तुम्ही फोनच्या आधी पोचता. हा नेटचा दोष नाही. पिंग बघत बसू नका. साठवणीतली १५ टक्के जागा मोकळी ठेवा, कारण ठासून भरलेल्या फोनचं वाचणं-लिहिणं मंदावतं. ग्राफिक्स स्मूद करा. एचडीची जादा फाइल डाउनलोड केली असेल तर काढा. मॅचआधी फोन एकदा बंद-चालू करा. ४ जीबी रॅमच्या फोनवर एवढं करूनही थोडी माती राहणारच. मग पोचिंकीत न उतरता कडेच्या वाडीत उतरणं शहाणपणाचं.

रोज एका ठराविक वेळानंतर बीजीएमआय बंद पडतो. अनइन्स्टॉल करून परत टाकला तरी तेच. वय १६.
— एक वाचक, पलूस

हा बिघाड नाही. हा गेम २०२३ च्या मे महिन्यात भारतात परत आला तो अठराच्या आतल्यांना दिवसाला ३ तासांच्या मर्यादेसह. पुन्हा इन्स्टॉल करून काही होणार नाही.

जीप साध्या दगडाला लागली आणि गगनात गेली. मित्राच्या फोनवर तीच जीप जमिनीवर होती. असं कसं?
— एक वाचक, फलटण

गेममधलं जग सलग चालत नाही, ठोक्याठोक्याने चालतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. पदार्थविज्ञानाचा हिशेब सेकंदाला ३० वेळा होत असेल, तर जीप एका ठोक्यात ९३ सेंटिमीटर पुढे जाते. या ठोक्याला दगडाच्या अलीकडे, पुढच्या ठोक्याला चाक दगडाच्या आत घुसलेलं. दगड पातळ असता तर जीप आरपारच गेली असती. पातळ भिंतीतून गाडी निघते ती अशी.

आता गेमच्या इंजिनला, म्हणजे हा सगळा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामला, जीप बाहेर काढायचीय. समजा चाक २० सेंटिमीटर आत आहे आणि इंजिनने ते एकाच ठोक्यात वर ढकललं. एक-तीसांश सेकंदात २० सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ६ मीटर वेग. या वेगाने वर गेलेली वस्तू १.८ मीटर उडते. ३० सेंटिमीटर आत असेल तर वेग ९ आणि उंची चार मीटरच्या वर. आत घुसणं दीडपट, उडी सव्वादोनपट. म्हणून धडक थोडी बदलली तरी फरक एवढा मोठा दिसतो. गेम बनवणारे यावर लगाम घालतात. ठोक्याचे तुकडे पाडतात, ढकलण्याच्या वेगाला मर्यादा देतात. पण शंभर जणांच्या मॅचमध्ये प्रत्येक दगडासाठी ते परवडत नाही.

मित्राला जमिनीवर दिसली कारण मधल्या पॅकेटच्या अभावी त्याचा फोन ‘जीप सरळच चालली असेल’ असा अंदाज धरून होता. मेलेल्या माणसांचंही तेच. मृतदेह कसा कोसळला हे बऱ्याच गेममध्ये प्रत्येक यंत्र आपलं आपण ठरवतं. तुमच्याकडे तो पायऱ्यांवर, मित्राकडे कठड्याला लोंबकळलेला. बॅटलफील्ड ३ च्या २०११ मधल्या चाचणी आवृत्तीत तर जिवंत सैनिक जमिनीत कंबरेपर्यंत रुतायचे आणि माना जिराफासारख्या लांबायच्या. लोक अजून त्या चित्रांवर हसतात.

चालवताना खडकाळ उतारावर ४० च्या खाली या, आणि गाडी व दगड यांच्या मधल्या फटीत उतरू नका. उतरताना गेम तुम्हाला जी जागा देतो, ती दगडाच्या आत असू शकते.

कॉलेजात स्पर्धा घेतोय, बीजीएमआयच्या १६ टीम आणि काउंटर-स्ट्राइकच्या ८. मागच्या वेळी एक टीम खडकाच्या आत शिरून बसली आणि भांडण झालं. गेमनेच आत जाऊ दिलं, मग चीटिंग कसं, असं त्यांचं म्हणणं. नियम काय ठेवावा?
— आयोजक, विश्रामबाग, सांगली

‘गेमने जाऊ दिलं’ हा युक्तिवाद जुना आहे आणि अर्धा खराही. क्वेक हा १९९६ चा गेम. त्यात वेगाची मर्यादा फक्त तुम्ही ज्या दिशेला जायची कळ दाबलीय त्या दिशेपुरती तपासली जायची. हवेत असताना माउस वळवत तिरपं दाबत राहिलं की मर्यादा ओलांडून वेग वाढत जायचा. ही चूकच होती, पण ती सगळ्यांना सारखी मिळत होती, शिकायला मेहनत लागायची आणि समोरच्याकडे त्यावर उतारा होता. लोकांनी तिला कसब मानलं आणि आजवर मानतात.

उलट बाजू मॉडर्न वॉरफेअर २ ची, २००९ सालची. जॅव्हेलिन क्षेपणास्त्र विशिष्ट प्रकारे हातात धरून मेलं की मरणाऱ्याभोवती मोठा स्फोट व्हायचा. मारणाराही जायचा. उतारा शून्य. वॉरझोन या गेममध्ये २०२० साली जखमा भरणारं इंजेक्शन न संपण्याची चूक सापडली. विषारी वायूत बसून लोक बाकीचे मरायची वाट बघत राहिले. अशा गोष्टींना कसब म्हणायला आम्ही तयार नाही. तुमचा खडक याच रांगेत येतो. आतून गोळी बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही.

मोठ्या स्पर्धांतही हे प्रश्न नियम आधी लिहिलेले नसल्याने चिघळले. २०१४ च्या ड्रीमहॅक विंटर या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेत फ्नॅटिक संघाने ओव्हरपास नकाशावर तिघांचा मनोरा करून अशी जागा गाठली, की तिथून बराच नकाशा दिसायचा. हरलेल्या एलडीएलसी संघाने तक्रार केली. तपासात एलडीएलसीनेही एक नियमबाह्य जागा वापरल्याचं निघालं. पूर्ण नकाशा पुन्हा खेळायचा असं ठरलं, तेव्हा फ्नॅटिकने माघार घेतली आणि पुढे एलडीएलसी स्पर्धा जिंकली. २०२० मध्ये तर काउंटर-स्ट्राइकमध्येच प्रशिक्षकांचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकून शत्रूच्या हालचाली दिसण्याचा दोष उघडकीला आला, आणि ईस्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशनने ३७ प्रशिक्षकांवर कारवाई केली. दोष त्यांनी तयार केला नव्हता. दिसत असताना गप्प बसले, हा गुन्हा धरला गेला.

तुमच्या नियमपत्रकात हेच वाक्य सगळ्यात वर घ्या. दोष सापडला की लगेच पंचाला सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही, लपवणाऱ्याला आहे. घन वस्तूच्या आत शिरणं, नकाशाबाहेर जाणं, अदृश्य होणं आणि मेल्यावरही खेळात राहणं ही चार नावं घेऊन बंद करा, म्हणजे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ला जागा उरत नाही. चुकून खडकात अडकलेल्याने गोळी न झाडता बाहेर यायचं. झाडली की तो हेतू. बीजीएमआयच्या कस्टम रूममध्ये प्रत्येकाला स्क्रीन रेकॉर्डिंग सक्तीचं करा आणि ती फाइल निकालानंतर चोवीस तास ठेवायला सांगा. रेकॉर्डिंग दिलं नाही, तर तक्रारीचा निकाल विरुद्ध. तक्रार पुढची मॅच सुरू व्हायच्या आत यायला हवी, नाहीतर रात्री बारापर्यंत वाद चालतो.

काउंटर-स्ट्राइकला सोय चांगली आहे. सर्व्हर प्रत्येक राउंडचा बॅकअप ठेवतो आणि कुठल्याही राउंडपासून मॅच परत लावता येते, पैशांसकट. हे ज्याला येतं असा एक माणूस सर्व्हरपाशी बसवा, आणि आदल्या दिवशी एकदा करून बघायला लावा. स्पर्धेच्या आदल्या रात्रीपासून सगळ्या मशिनची अपडेट थांबवा. निम्म्या मशिन नव्या आवृत्तीवर आणि निम्म्या जुन्या, हे सकाळी नऊला कळणं वाईट.

विजेचंही बघा. इन्व्हर्टरवर दोन पद्धती असतात. साध्या पद्धतीत बदलायला लागणारा वेळ पंख्या-दिव्यांना चालतो, पण संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरायला बनवलेला असतो. मागचं बटण यूपीएस पद्धतीवर ठेवा. राउटर आणि ओएनटीला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा लावा.

काही चीट न लावता बॅन होतो का? मित्र म्हणतो गेलं खातं तर गेलंच.
— एक वाचक, तासगाव

होऊ शकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीने आपल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाची सोय काउंटर-स्ट्राइक २ साठी दिली. ती काम करण्यासाठी गेमच्या आतल्या फाइलमधली फंक्शनं वळवत होती, आणि चीटही नेमकं तेच करतात. ती चालू ठेवणाऱ्यांवर बॅन आले. एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि व्हॉल्व्हने अडकलेली खाती सोडवायचं काम हाती घेतलं. बॅनचा निकाल नेहमी तुमच्याच बाजूचा निघेल असं मात्र नाही. मोबाइलवर ९० एफपीएस (सेकंदाला ९० चित्रं) उघडून देणारी जीएफएक्स टूल गेमच्या फाइलींत ढवळाढवळ करतात. ती बाहेरची अॅप, आणि बीजीएमआयच्या नियमांत बाहेरची अॅप चालत नाहीत. ‘सगळेच वापरतात’ हे अपिलात लिहून चालत नाही.

व्हॅलोरंटमध्ये ‘व्हॅन ९००३’ आला तर तो बॅन नव्हे. विंडोज ११ वर सिक्युअर बूट बंद असल्याची ती तक्रार आहे. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते आधी वाचा. यूईएफआय असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करा. लेगसी असेल तर थांबा. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून जीपीटीवर करून घ्यावी लागते, नाहीतर विंडोज उठणारच नाही. गेमिंग कॅफेतल्या जुन्या मशिनवर हेच होतं.

दोघांनी एकमेकांना मारलं आणि दोघंही नॉक (गोळी लागून आडवे). हे शक्य आहे का?
— एक वाचक, इस्लामपूर

बीजीएमआयमध्ये आहे. तिथे गोळीला प्रवासाचा वेळ असतो, आणि सुटलेली गोळी झाडणारा पडला म्हणून हवेत विरत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये बंदुकीची गोळी तत्क्षणी लागते आणि मेलेल्याची पुढची आज्ञा सर्व्हर टाकून देतो, म्हणून तिथे असं सहसा बॉम्ब किंवा आगीनेच होतं.

शत्रू डावीकडे असतो, पावलं दोन्ही कानांत सारखी ऐकू येतात. ब्लूटूथ हेडफोन चार हजारांचा आहे.
— एक वाचक, जत

माइक चालू आहे ना? मग पैसे वाया गेले असं समजू नका, फक्त माइक बंद करून बघा. साध्या ब्लूटूथवर एकाच वेळी चांगला स्टिरिओ आणि माइक मावत नाही. माइक उघडला की हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर जातो, आवाज एकाच वाहिनीचा होतो आणि डावं-उजवं संपतं. बोलायचंच असेल तर माइक वेगळा लावा आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये हेडफोनचं हँड्स-फ्री बंद करा. त्यातही ब्लूटूथचा आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्यात शत्रू दार ओलांडून आत आलेला असतो.

दिशा आहे पण वर-खाली कळत नाही, असं असेल तर आभासी सराउंड दोनदा लागलंय का बघा. गेमचं स्वतःचं एचआरटीएफ (आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कानांना भासवणारी सोय) चालू असताना विंडोजचं किंवा हेडफोनच्या सॉफ्टवेअरचं ७.१ चालू ठेवलं की दोन्ही मिळून चिखल करतात. गेमचं ठेवा, बाकी सगळी बंद करा. आणि खेळण्यापुरता सातशे-आठशे रुपयांचा वायरचा हेडफोन घ्या. चार हजारांचा गाण्यांना ठेवा.